काडतुसांची परीक्षा

वाशीच्या घाऊक बाजारात, धान्याच्या गाळ्यांपुढून एखाद्या सकाळी फेरी मारा. पूर्वी मुंबईच्या मसजिद बंदर भागात असलेला हा दाणाबाजार आता येथे आहे. गहू किंवा तूर विकत घेणारा व्यापारी पोते उघडत नाही. तो एक पोकळ, टोकदार नळी पोत्यात खुपसतो, बाहेर काढतो आणि तिच्यातून घरंगळलेले मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो. तेवढ्यावर शंभर पोत्यांचा सौदा होतो. मूठभर दाण्यांवरून शंभर पोत्यांबद्दल बोलायचे धाडस तो कशाच्या बळावर करतो?

धान्याच्या बाबतीत निदान एक सोय असते. पाहिलेले दाणे पोत्यात परत टाकता येतात. पण समजा, तुम्हांला काड्यापेट्यांचा एक मोठा गठ्ठा तपासायचा आहे. प्रत्येक काडी नीट पेटते की नाही हे पाहण्याचा खात्रीचा मार्ग एकच, ती ओढून पाहणे. सगळ्या ओढून पाहिल्यात तर तुमचे ज्ञान पूर्ण होईल, पण हाती काडी उरणार नाही! ज्या वस्तू तपासताना नष्ट होतात त्यांच्या बाबतीत थोड्या वस्तू खर्चून उरलेल्यांविषयी अनुमान काढावे लागते. या लेखात अशाच एका वस्तूची परीक्षा पाहायची आहे. ती वस्तू म्हणजे नेमबाजीच्या सामन्यात वापरले जाणारे छोटे काडतूस.

वाशीहून हार्बर मार्गाच्या लोकलने पनवेलला गेलात, तर सुमा शिरूर यांची ‘लक्ष्य’ ही नेमबाजी शिकवणारी संस्था तेथे आहे. सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत हवेच्या रायफलने ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. हवेच्या रायफलीत दारू नसते. दाबलेल्या हवेने शिशाचा छोटा छर्रा १० मीटरवर मारायचा असतो. त्याहून लांबचा, ५० मीटरचा खेळ दारूच्या काडतुसांचा. त्या खेळात कोल्हापूर जिल्ह्याने दोन मोठी नावे दिली. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रकारात, पालथे झोपून झाडलेल्या ६० गोळ्यांत ६०० पैकी ५९७ गुण मिळवले आणि विश्वविजेतेपद पटकावले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल, तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्यांचे अंतिम फेरीतले गुण ४५१.४. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

गुणांत दशांश कोठून आला? तो समजला, की काडतुसाच्या परीक्षेला एवढे महत्त्व का, तेही समजेल. म्हणून थोडे गणित करू या.

पन्नास मीटर म्हणजे लोकलचे साधारण अडीच डबे. तेवढ्या अंतरावरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटर व्यासाचे, शर्टाच्या बटणाएवढे. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर धरतात आणि गोळीची कड वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे गोळीचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ५.२ अधिक २.८, असे ८ मिलिमीटरपर्यंत दूर असले तरी दहा गुण. आता या ८ मिलिमीटरचे दहा सारखे भाग करा. प्रत्येक भाग ०.८ मिलिमीटरचा. अगदी आतल्या भागात गोळी गेली तर १०.९, पुढच्या भागात १०.८, असे करत आठव्या मिलिमीटरला १०.०. त्याच्या पलीकडे ९.९. हा एक दशांश गुण ०.८ मिलिमीटरचा, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता गोळीच्या वाटेकडे वळू. सामन्याच्या काडतुसातली गोळी शिशाची, सुमारे २.६ ग्रॅम वजनाची. नळीतून ती सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते. हा वेग ध्वनीच्या वेगाहून मुद्दाम थोडा कमी ठेवलेला असतो, कारण ध्वनीचा वेग ओलांडताना हवेत जे धक्के बसतात त्यांनी गोळी डगमगते. वाटेत हवा तिला अडवते. सरासरी वेग सेकंदाला ३१२.५ मीटर धरू, म्हणजे ५० मीटर जायला बरोबर ०.१६ सेकंद लागेल. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने गोळी किती खाली येईल? तुमच्या पुस्तकातले सूत्र घ्या :

अर्धा × ९.८ × ०.१६ × ०.१६ = ०.१२५ मीटर.

म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. नेमबाज रायफलीवरचे नेम धरण्याचे साधन तेवढ्या हिशेबाने जुळवून घेतो, त्यामुळे त्याची अडचण होत नाही. अडचण होते ती काडतुसे एकसारखी नसली तर. समजा, एका काडतुसातल्या गोळीचा सरासरी वेग १० मीटरने कमी पडला. मग वेळ लागेल ०.१६५३ सेकंद आणि गोळी येईल १३.४ सेंटिमीटर खाली. फरक साडेआठ मिलिमीटरचा! नेमबाजाने श्वास रोखला, हात स्थिर ठेवला, चाप अचूक दाबला, सर्व काही बरोबर केले, तरी गोळी ८ मिलिमीटरच्या वर्तुळाबाहेर गेली आणि दहाचे नऊ झाले. चूक त्याची नव्हती. दारूच्या दोनचार कणांची होती.

दारूच्या कणांची, असे मी सहज म्हणालो खरा, पण ती दारू असते तरी किती? एका काडतुसात ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी. आणि ती पेटवण्याची रीतही नाजूक आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक वेगळी टोपी असते, तिच्यावर पिनेचा आघात होतो. या छोट्या काडतुसाला तशी टोपी नसते. त्याच्या पितळी बुडाचा काठ आतून पोकळ असतो आणि स्फोटक लेप ओला असताना काडतूस गरगर फिरवून तो लेप त्या पोकळ काठात पसरवतात. पिनेचा आघात काठावर होतो, म्हणून हे ‘रिमफायर’ काडतूस. ही रचना एकोणिसाव्या शतकातली आहे. सामन्यात वापरले जाते ते काडतूस १८८७ सालापासून जवळजवळ त्याच मापाचे राहिले आहे. लेप काठात सगळीकडे सारखा बसला नाही, की आग सारखी लागत नाही, आणि आग सारखी लागली नाही, की वेग सारखा राहत नाही.

मोठ्या काडतुसांचे नेमबाज रिकामी नळकांडी पुन्हा भरतात आणि दारूचे प्रमाण आपल्या रायफलीला मानवेल असे ठरवतात. रिमफायरमध्ये ती सोय नाही. कारखान्यातून जसे आले तसे घ्यायचे. नेमबाजाच्या हाती एकच गोष्ट उरते, निवड.

निवड कशाची? कारखान्यात एकाच यंत्रावर, लेपाच्या एकाच घाण्यातून, दारूच्या एकाच पिंपातून, शिशाच्या त्याच तारेतून सलग जी काडतुसे तयार होतात त्यांचा एक ‘लॉट’ धरतात. प्रत्येक डबीत पन्नास काडतुसे असतात आणि डबीवर लॉटचा क्रमांक छापलेला असतो. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या इली कंपनीच्या उत्तम प्रतीच्या डब्यांवर त्या लॉटचा सरासरी वेगही छापलेला आढळतो. दोन लॉटांचे नाव एक, किंमत एक, डबीचा रंग एक. तरीही एक लॉट एका रायफलीत मुठीएवढ्या जागी गोळ्या टाकतो आणि दुसरा टाकत नाही. (मुठीएवढ्या हे बोलण्यापुरते. खरी जागा बोराएवढी असते.)

त्यातही गंमत अशी, की जो लॉट माझ्या रायफलीत उत्तम तोच तुमच्या रायफलीत उत्तम ठरेल असे नाही. प्रत्येक नळीची आतली घडण किंचित वेगळी. शिवाय गोळी नळीतून जात असताना नळी वीणेच्या तारेसारखी थरथरते. काही रायफलींत हे थरथरणे असे जुळून येते, की मंद गोळी थोडी उशिरा, नळीचे तोंड जरा वर असताना बाहेर पडते आणि मंदपणामुळे होणारी घसरण आपोआप थोडी भरून निघते. हे जुळले तर भाग्य! म्हणून ‘सर्वांत चांगला लॉट कोणता?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या रायफलीसाठी, हे त्याला जोडावे लागते. इली कंपनी आणि जर्मनीतल्या शोनेबेक येथे रिमफायर काडतुसे बनवणारी लापुआ कंपनी यांच्याकडे यासाठी खास परीक्षागृहे आहेत. देशोदेशीचे नेमबाज आपापली रायफल घेऊन तेथे जातात.

परीक्षा कशी करतात? रायफलीचा लाकडी दस्ता काढून तिचा धातूचा भाग जड चौथऱ्यावरच्या पक्क्या पकडीत आवळतात. माणसाचा हात, श्वास, नाडी हे सारे बाजूला झाले. खोली बंद, म्हणून वारा नाही. समोर इलेक्ट्रॉनिक लक्ष्य, जे प्रत्येक गोळीची जागा मिलिमीटरच्या अंशापर्यंत नोंदवते. आता जो विस्कळीतपणा दिसेल तो रायफल आणि काडतूस या जोडीचा. गोळ्यांना मेणासारखे वंगण लावलेले असते आणि त्याचा पातळ थर नळीत बसतो. म्हणून काडतुसांची जात बदलली की पहिल्या काही गोळ्या मोजणीत धरत नाहीत. नळीला नव्या वंगणाची सवय होऊ द्यावी लागते.

येथवर सर्व यंत्राचे काम झाले. आता प्रश्न येतो तो डोक्याचा. गोळ्या झाडायच्या किती?

नेमबाजांमध्ये जुनी सवय अशी, की पाच गोळ्या झाडायच्या आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर मोजायचे. अंतर लहान, तो लॉट चांगला. ही रीत सोपी आहे म्हणून टिकली, पण तिच्यात दोन खोटी आहेत. पाच छिद्रांपैकी तिने दोनच विचारात घेतली. उरलेली तीन कोठे पडली याचा तिला पत्ता नाही. शिवाय जास्त गोळ्या झाडाल तसे हे अंतर वाढतच जाते. पाचऐवजी दहा गोळ्या झाडल्या, की काडतुसे तीच असूनही ते सरासरीने सव्वापट होते. जे माप मोजणाऱ्याच्या चिकाटीबरोबर बदलते ते काडतुसाचे माप कसे म्हणावे?

त्यापेक्षा असे करा. सर्व छिद्रांचा मध्य काढा. आडव्या अंतरांची सरासरी आणि उभ्या अंतरांची सरासरी घेतली की तो मिळतो. मग त्या मध्यापासून प्रत्येक छिद्राचे अंतर मोजा आणि त्या अंतरांची सरासरी घ्या. हिला ‘सरासरी त्रिज्या’ म्हणू. प्रत्येक गोळीला येथे साक्ष द्यायला मिळते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, ‘अ’ लॉटची खरी सरासरी त्रिज्या, म्हणजे हजारो गोळ्या झाडून जी निघेल ती, ३.५ मिलिमीटर आहे आणि ‘ब’ लॉटची ४.० मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरचा फरक! त्यासाठी एवढा खटाटोप करावा काय? नेमबाजाचा स्वतःचा हात सरासरी ५ मिलिमीटर हलतो असे धरू. दोन स्वतंत्र चुका एकत्र येतात तेव्हा त्यांची साधी बेरीज होत नाही. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंप्रमाणे त्यांच्या वर्गांची बेरीज होते आणि एकूण चूक त्याच्या कर्णाएवढी येते. ५ आणि ३.५ यांचा कर्ण ६.१. ५ आणि ४ यांचा कर्ण ६.४. फरक उरला ०.३ मिलिमीटर. आठ मिलिमीटरला एक गुण, तेव्हा ०.३ मिलिमीटरला सुमारे ०.०४ गुण. हा झाला एका गोळीमागचा हिशेब. साठ गोळ्यांत तो सव्वादोन गुणांच्या घरात जातो.

सव्वादोन गुण म्हणजे किती? २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५० मीटरच्याच खेळात आपल्या जॉयदीप कर्माकर यांचे ६९९.१ गुण झाले आणि ते चौथे आले. तिसऱ्या आलेल्या स्लोव्हेनियाच्या रायमंड डेबेवेच यांचे गुण होते ७०१.०. अंतर १.९ गुणांचे. काडतूस वेगळे असते तर पदक मिळाले असते असे मला मुळीच म्हणायचे नाही, त्या पातळीवर हरण्याजिंकण्याला शंभर कारणे असतात. पण अर्ध्या मिलिमीटरला हसू नये, एवढे यावरून पटावे.

तर मग ‘अ’ आणि ‘ब’ यांतला चांगला कोणता हे परीक्षेत ओळखू येईल काय? येथे संख्याशास्त्र थोडे कडू सत्य सांगते. गोळ्या योगायोगाने इकडेतिकडे विखुरतात, त्यामुळे मोजलेली सरासरी त्रिज्या खऱ्या मूल्याच्या आसपास डोलत असते. हे डोलणे गोळ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. पाच गोळ्यांत ते सुमारे २३ टक्के, चाळीस गोळ्यांत सुमारे ८ टक्के, १६० गोळ्यांत ४ टक्के. डोलणे निम्मे करायचे तर गोळ्या चौपट! आमच्या उदाहरणात दोन लॉटांतला फरक १३ टक्क्यांच्या आसपास आहे. प्रत्येकी पाच गोळ्या झाडल्या तर तीनांतून एकदा वाईट लॉटच चांगला ठरेल. चाळीस झाडल्या तर आठांतून एकदा. १६० झाडल्या तर शंभरात एखाद्या वेळी. म्हणजे पाच गोळ्यांचा निकाल हा जवळजवळ नाणेफेकीचाच निकाल, फक्त बंदुकीचा आवाज काढून लावलेला!

पाच गोळ्यांचा आणखी एक दोष आहे आणि तो अधिक फसवा आहे. मध्य आपण त्याच पाच गोळ्यांवरून काढला. गोळ्या खऱ्या मध्यापासून एका बाजूला सरकल्या असतील तर आपला मध्यही त्यांच्यामागे सरकतो आणि त्या आपल्याला मध्याजवळ वाटतात. परिणामी पाच गोळ्यांचा पुंजका खऱ्याहून सरासरी दहा टक्क्यांनी घट्ट दिसतो. चाळीस गोळ्यांत हा दोष एक टक्क्यावर येतो. लहान नमुना नुसता डळमळीत नसतो, तो एका बाजूला कललेलाही असू शकतो.

ही गोष्ट शेतीच्या संदर्भात एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिली होती. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी झाला. दिल्लीला भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना पिकांचे उत्पन्न अजमावण्याच्या पद्धतीवर त्यांनी मूलभूत काम केले. शेतातला एखादा तुकडा कापून, त्यातले धान्य तोलून साऱ्या जिल्ह्याचे उत्पन्न काढायचे, अशी ती पद्धत. तुकडा अगदी लहान घेतला तर खर्च वाचतो. पण सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवले, की लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न खऱ्याहून जास्त येते. तुकड्याच्या सीमेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो आणि तुकडा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने सीमा मोठी. कारण वेगळे असले तरी फसवणूक आपल्या पाच गोळ्यांच्या जातीचीच.

नमुना किती घ्यावा याइतकेच तो कोठून घ्यावा हेही महत्त्वाचे. वाशीच्याच फळबाजारातून हापूसची पेटी वरचा थर पाहून आणली, की खालच्या थरात काय निघते हे घरी वडिलधाऱ्यांना विचारा! चाळीस काडतुसे एकाच डबीतून घेण्यापेक्षा लॉटच्या निरनिराळ्या डब्यांतून थोडी थोडी घेणे बरे. तसेच ‘अ’च्या साऱ्या गोळ्या सकाळी आणि ‘ब’च्या साऱ्या दुपारी झाडल्या, तर तपमानाचा आणि तापलेल्या नळीचा फरक लॉटच्या नावावर जमा होईल. वंगण एकाच जातीचे असेल तर दहा ‘अ’, दहा ‘ब’, पुन्हा दहा ‘ब’, दहा ‘अ’ असा क्रम ठेवावा. आणि एखादी गोळी भलतीकडे गेली तर ‘ही धरू नका, काहीतरी झाले असेल’ असे म्हणण्याचा मोह फार होतो. मला तो मोह या साऱ्या परीक्षेतला सर्वांत मोठा शत्रू वाटतो. भरकटलेली गोळी सामन्यातही भरकटणारच आहे. कोणत्या कारणाने गोळी वगळायची हे पहिली गोळी झाडण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावे, मागाहून नव्हे.

आता खरी गाठ. नेमबाज दोन लॉट तपासत नाही, दहा-दहा तपासतो आणि पहिला आलेला उचलतो. समजा, दहाही लॉट हुबेहूब सारखे आहेत, प्रत्येकाची खरी सरासरी त्रिज्या ३.७५ मिलिमीटर. प्रत्येकी चाळीस गोळ्या झाडल्या. योगायोगाच्या डोलण्यामुळे त्यांतला पहिला लॉट सुमारे ३.३ आणि शेवटचा सुमारे ४.२ दाखवील! तक्ता पाहून कोणीही म्हणेल, ‘अहो, जमीनअस्मानाचा फरक आहे.’ नेमबाज पहिल्या लॉटची पाच हजार काडतुसे घेतो, घरी येतो आणि महिन्याभराने तक्रार करतो, की कारखान्यात झाली तशी कामगिरी येथे होत नाही. कोणी त्याला फसवलेले नसते. अनेकांतून सर्वांत उजवा निवडला, की त्या निवडीत गुणाबरोबर नशीबही निवडले जाते. गुण पुढच्या वेळी बरोबर येतो, नशीब येत नाही.

हे वर्गात पाच मिनिटांत करून पाहता येते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने नाणे दहा वेळा उडवावे आणि छाप किती वेळा पडली ते लिहावे. आठ किंवा अधिक छाप मिळवणारी दोन तरी मुले बहुधा निघतील. त्यांना वर्गापुढे बोलावून ‘छापतज्ज्ञ’ म्हणून टाळ्या द्या आणि पुन्हा दहा वेळा उडवायला सांगा. काय होते ते पाहा.

उपाय आहे आणि तो साधा आहे, दुसरी फेरी. सहा लॉट असतील तर प्रत्येकी चाळीस गोळ्या, म्हणजे २४० झाडाव्यात. त्यांतले पहिले दोन घेऊन त्यांच्या प्रत्येकी १२० नव्या गोळ्या झाडाव्यात आणि निवडलेल्या लॉटची त्रिज्या किती, हे फक्त या नव्या गोळ्यांवरून सांगावे. पहिल्या फेरीचे आकडे त्यात मिसळू नयेत, कारण त्यांत नशीब शिरलेले आहे. एकूण खर्च ४८० काडतुसे. सहाही लॉटांवर प्रत्येकी १६० झाडली असती तर ९६० लागली असती. निम्म्या काडतुसांत काम झाले. भारतात सामन्यांची उत्तम काडतुसे परदेशातून येतात आणि महाग पडतात, तेव्हा ही निम्मी बचत लहान नाही. सरावाला तीच काडतुसे लागतात हेही विसरू नका.

शाळेतल्या मुलांनी खऱ्या काडतुसाला हात लावायचा नाही, हे सांगायला नकोच. पण हीच परीक्षा विज्ञानाच्या खोलीत पुरेपूर करता येते. पडद्याला वापरतात तसली अॅल्युमिनियमची पन्हळ दोनेक फूट लांबीची घ्या. तिचे एक टोक पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा आणि खालचे टोक टेबलाच्या कडेशी चिकटपट्टीने घट्ट बसवा. ही तुमची पकडीत आवळलेली रायफल. पन्हळीच्या वरच्या टोकाशी पट्टीचा एक आडवा तुकडा लावा. गोळी त्याला टेकवून ठेवायची आणि तुकडा झटकन वर उचलायचा. हा चाप. बोटाने ढकलायचे नाही. गोळी घरंगळत येऊन टेबलावरून उडी घेईल आणि जमिनीवर पडेल. जेथे पडते तेथे पांढरा कागद चिकटवा आणि त्यावर कार्बन कागद उलटा ठेवा. प्रत्येक पडण्याचा ठिपका उमटेल. कार्बन कागद आता सहजी मिळत नाही, पण वाशीतल्या जुन्या स्टेशनरीच्या दुकानात मागितल्यास अजून निघतो.

पहिला लॉट सायकलच्या दुकानातल्या एका मापाच्या पोलादी छऱ्यांचा, दुसरा काचेच्या साध्या गोट्यांचा. गोट्या नीट पाहा. कोठे फुगीर, कोठे चपट्या, आत बुडबुडे. प्रत्येक लॉटचे चाळीस ठिपके नवनव्या कागदांवर घ्या आणि ठिपक्यांना क्रमांक देत चला, हे विसरलात तर पुढचा भाग करता येणार नाही. आलेख-कागदाच्या मदतीने मध्य काढा आणि सरासरी त्रिज्या काढा. छर्रे आणि गोट्या यांतला फरक बहुधा लगेच कळेल, कारण तो मोठा आहे.

मग खरी गंमत करा. फक्त छऱ्यांचा कागद घ्या. त्यावरचे १ ते ५, ६ ते १०, ११ ते १५ असे क्रमाने आठ पुंजके करा आणि प्रत्येकाची सरासरी त्रिज्या वेगळी काढा. छर्रे तेच, पन्हळ तीच, उंची तीच. आठ आकडे एका ओळीत लिहा. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांतला फरक पाहिलात, की पुढचे दोन प्रश्न सोडवण्यास तुम्ही तयार झालात.

पहिला : शेवटच्या पुंजक्यांत त्रिज्या सतत वाढत गेलेली दिसली तर तो योगायोग, की पन्हळीची चिकटपट्टी सैल होत गेली? दुसऱ्या दिवशी नवे चाळीस ठिपके घेऊन हे कसे ठरवाल?

दुसरा : दोन दुकानांतून काचेच्या गोट्यांच्या दोन पिशव्या आणा. त्यांच्या खऱ्या त्रिज्यांतला फरक दहा टक्के असेल, तर प्रत्येक पिशवीतल्या चाळीस गोट्या तो ओळखायला पुरतील काय? न पुरल्यास किती लागतील? उत्तर गोट्या टाकण्यापूर्वी वहीत लिहा.